पुरावा नसलेली मुलगी

गिरणगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात मी तेहतीस वर्षं काढली. प्रवेशाचं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. त्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर अर्धं लालबाग-परळ जूनच्या एक तारखेला जन्मलंय. आईबापांना पोराची तारीख आठवायची नाही, मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे, आणि ते पोर पुढे साठ वर्षं एक जूनलाच केक कापायचं. तेव्हापासून कागद छापील असो की शिक्का मारलेला, माझा हात आधी चष्म्याकडे जातो. घरचे मला संशयी म्हणतात. म्हणू देत. तेहतीस वर्षांतली माझ्या हातची एक खाडाखोड दाखवा, मग बोला.

रिटायर झाल्यावर मी माहेरची वंशावळ काढायला घेतली. माझं सासर ठाकूरद्वारला, माहेर लालबागला. आजोबा कोकणातून गिरणीत लागायला आले आणि लालबागच्या एका चाळीत त्यांनी खोली घेतली. त्यांना तीन मुलं. थोरले माझे वडील, मधले काका आणि शेंडेफळ आते. वडील आणि काका गेले. आतेने लग्न केलं नाही. ती पंच्याऐंशीच्या घरात आहे आणि अजून त्याच खोलीत राहते. काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दादरला असतो. कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. या गोष्टीत जिवंत माणसं म्हणाल तर एवढीच, बाकीचे सगळे वरच्या पिढ्यांतले.

सात वर्षं लागली मला. गावच्या भटजींच्या माजघरात बसून त्यांच्या पणजोबांची चोपडी उतरवून घेतली. देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, ती ओणवं बसून वाचली, गुडघ्यांची वाट लागली. गिरणीचे पास, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, जे मिळेल ते जमवलं. नियम एकच. पुरावा नाही तर नाव नाही. प्रत्येक नावापुढे आकडा आणि त्या आकड्याचा कागद फायलीत. आणखी एक गोष्ट मी हट्टाने केली. गावातली जुनी वंशावळ बघितली तर वाटेल आमच्यात मुली जन्मतच नव्हत्या; बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा, संपलं. मी प्रत्येक मुलगी शोधून तिच्या जागी बसवली. हे सगळं मी ऑफिसातून बाद झालेल्या एका भल्यामोठ्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर उतरवलं आणि खाली उजव्या टोकाला बारीक अक्षरात लिहिलं, तयार करणार, आणि माझं नाव. माहेरचं आडनाव लावून. तेवढी हौस मी करून घेतली.

चुलतभावाने ते भेंडोळं बघितलं आणि म्हणाला, "ताई, हा कागद आहे. उद्या उंदराने कुरतडला तर? मी ऑनलाइन टाकतो. मग जगात कुठूनही बघता येईल."

"जगाला काय करायचंय आपल्या आजोबांशी?" मी म्हटलं. पण उंदराचं मात्र डोक्यात बसलं. त्याने फोटो काढले, फाईल स्कॅन केली. वंशावळी ठेवायची एक वेबसाईट असते, तिथे खातं उघडलं, सगळी नावं बसवली आणि प्रत्येक नावाला माझ्या फायलीतला कागद जोडला. मलाही पासवर्ड दिला. खरं सांगायचं तर काम छान झालं होतं. पणजोबांवर बोट ठेवलं की त्यांच्या खालची सगळी नावं उलगडत यायची. मी दोन दिवस तेच करत बसले. तिसऱ्या दिवशी वरच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथे लिहिलं होतं, "या कुटुंबवृक्षाचे मालक", आणि पुढे त्याचं नाव.

मालक! पूर्वजांचा मालक! गुडघे माझे गेले आणि मालक हा!

फोन केला. तो हसायला लागला. "ताई, ते वेबसाईट आपोआप लिहिते गं. ज्याने खातं उघडलं त्याचं नाव येतं."

आपोआप. ऑफिसात तेहतीस वर्षं बसलेल्या बाईला तुम्ही आपोआप सांगता? आपोआप काही होत नसतं, कोणीतरी करतं आणि मग आपोआप झालं म्हणतं. मी फोन ठेवला. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

मग त्याने भावकीचा ग्रुप काढला व्हॉट्सॲपवर. साठ-सत्तर माणसं, अर्ध्यांना मी ओळखत नाही, पण त्यांचे आजे-पणजे मला तोंडपाठ. ग्रुपच्या डीपीला फोटो माझ्या भेंडोळ्याचा. मोठा करून बघितला तर खालचं उजवं टोक गायब. म्हणजे नेमकं माझं नाव गायब. बाकी मधली चारशे नावं जागच्या जागी! खाली "वा दादा, ग्रेट काम!" म्हणून धो धो अंगठे. आणि हा साळसूद प्रत्येकाला हात जोडतोय. एकाने विचारलं की एवढं सगळं शोधलं कोणी. त्याला विरारच्या कोणीतरी उत्तर दिलं, "दादरच्या दादांनी. ताईंनी पण मदत केली." दुसऱ्याने लिहिलं, "ताई आता दुसऱ्या घरच्या, तरी माहेरची आठवण ठेवतात, कौतुक आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी नव्हे. पीठ दळलं मी, आणि मलाच "पण मदत केली"?

तोंडावर भांडायचं तर माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय मी बोलत नाही. म्हणून मी पुरावा तयार करायचं ठरवलं.

शाळेत एक उपनिरीक्षक यायचे तपासणीला. ते न बघता सह्या करतात असा मला संशय होता. एकदा मी कच्च्या यादीत एक नसलेला विद्यार्थी घुसवला. त्यांनी बघितलं-तपासलं म्हणून खाली सही केली आणि चहा पिऊन गेले. तीच युक्ती. चुलतभाऊ वेबसाईटवरून कुळाची पुस्तिका छापणार, असं ग्रुपवर आलंच होतं. आजोबांच्या खाली काका आणि आते यांच्यामध्ये चांगलं पाच वर्षांचं अंतर आहे. त्या अंतरात मी एक मुलगी घातली. वेबसाईटवर, माझ्या पासवर्डने. चाळीत जन्मली, चौथ्या वर्षी गेली. मुलगी घातली, कारण मुलीचं नाव पुरुषमाणूस तपासत नाही. एकतर डोळे मिटून उतरवतो नाहीतर गाळतो. उतरवलं तर कळणार की हा न बघता छापतो, गाळलं तर कळणार की याला मुली खपत नाहीत. दोन्हीकडून तो सापडणार होता. आणि लहानपणी गेलेल्या मुलीला ना नवरा ना पोरं, विचारायला येणार कोण?

तिला मी एक नाव दिलं. माझ्या लहानपणी मला स्वतःला हवं असायचं ते. ते इथे लिहीत नाही, कारण ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही.

पुरावा मात्र मी जोडला नाही. खोटं नाव लिहिताना माझा हात अडला नाही, पण खोटा दाखला करणं काही जमलं नसतं. शेवटी मी रजिस्टरवर बसलेली बाई.

त्यानंतर पंधरा दिवसांत चुलतभावाचे पाच फोन आले. मी उचलले नाहीत. गोड बोलून माझ्याकडून आणखी काहीतरी काढून घ्यायचं असणार. एक मेसेज आला, "ताई, एका नोंदीबद्दल बोलायचंय." वाचला, उत्तर दिलं नाही. मग ग्रुपवर जाहीर झालं की आपल्या कुळाची पुस्तिका छापून तयार आहे, गणपतीच्या आधीच्या रविवारी लालबागला चाळीशेजारच्या हॉलमध्ये मेळावा, सर्वांनी यावं. मला न दाखवता छापलीसुद्धा! बरं झालं. मी एका कागदावर काय बोलायचं ते लिहून काढलं. मुद्देसूद, पाच मिनिटांचं. कागद पर्समध्ये ठेवला आणि इस्त्रीची साडी नेसून निघाले.

मंडपाचे बांबू अर्ध्या रस्त्यात आले होते, त्यातून वाट काढत हॉलला पोचेपर्यंत घामाने भिजले. आत पन्नासेक माणसं. आतेला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, मी तिच्या शेजारी बसले. पुस्तिका हातात आली. वरचं पान मी बघितलंही नाही. थेट आजोबांचं पान काढलं. वडील, काका, आते. आणि काका नि आतेच्या मध्ये, ठळक अक्षरात, ती.

सापडला! खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतका की मी हसले असणार, कारण समोरची बाई माझ्याकडे बघून हसली. चुलतभाऊ माईकवर काहीतरी आभाराचं बोलत होता. मी पर्समधून कागद काढला आणि उभी राहिले.

आतेने माझा पदर धरला. "बाय, बस गो."

मला वाटलं तिला पाणी हवंय. खाली वाकले. तिच्या मांडीवर तेच पान उघडं होतं आणि तिचं बोट त्या नावावर होतं. तिला बारीक अक्षर दिसत नाही, पण ओळ कुठली ते कोणीतरी दाखवून ठेवलं असावं.

"माज्या आवशीन माका कधी सांगूक नाय," ती म्हणाली. "म्हाळाच्या दिवशी एक बारीक पान वेगळा वाढी. माज्याकडे बघी नि डोळे पुशी. शेजारीण म्हणायची, तुज्या आवशीक तिसरो झील होयो होतो, तूच इलंस. माका वाटायचा, मी चेडू झालंय म्हणान ती रडता. एवढी वर्षा तसाच वाटायचा. आता कळला."

म्हाळ म्हणजे पितृपक्षात गेलेल्या माणसांच्या नावाने पानं वाढायचा दिवस. लहानपणी आतेला त्या छोट्या पानाजवळून गॅलरीत हाकलायचे, हे मी तिच्याकडून पूर्वीही ऐकलं होतं. पण आईला मुलगा हवा होता, आपण नको होतो, असं ही बाई पंच्याऐंशी वर्षं मनात धरून बसली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. सात वर्षं मी तिच्याकडून फक्त नावं आणि सालं काढून घेतली होती.

"बैस," ती परत म्हणाली. मी बसले. कागद मुठीत होता, तो तसाच चुरगाळून पर्समध्ये कोंबला.

बटाटेवडे वाटायला सुरुवात झाल्यावर मी चुलतभावाला कोपऱ्यात गाठलं. राग कुठेतरी काढायलाच हवा होता. "मला न विचारता कसं छापलंस?"

"पाच फोन केले, ताई. त्या मुलीला तू कागद जोडला नव्हतास. तुझ्या एवढ्या नोंदींत तेवढी एकच बिनपुराव्याची. म्हटलं स्कॅन करायचा राहिला असेल. तू फोन उचलेनास, म्हणून आतेला जाऊन विचारलं. ती ऐकून जी रडायला लागली! तिने त्या पानाचं सांगितलं. मग मी म्हटलं, बास, याच्यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?"

"पण तुला शंका नाही आली?"

"तू लिहिलंस ना? मग झालं की."

त्याने पुस्तिकेचं पहिलं पान माझ्यापुढे धरलं, जे मी उलटून गेले होते. "संशोधन आणि संकलन". खाली एकच नाव. माझं. माहेरच्या आडनावासकट. त्याचं नाव शेवटच्या पानावर, छपाईचं बघणाऱ्याच्या नावासोबत.

"आणि ग्रुपच्या डीपीचा फोटो? त्यातून माझं नाव कापलंस तो?"

तो गोंधळून बघायला लागला. मग हसला. "अगं, तिथे चौकोनीच फोटो लागतो. तुझं भेंडोळं केवढं लांब. टोकं आपोआप कापली जातात."

परत आपोआप. मी घरी येऊन ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतल्या देवळाचा एक लांबुळका फोटो माझ्या डीपीला लावून बघितला. टोकं कापली गेली. तरीही माझं समाधान झालं नाही. त्याला सगळं कळलं होतं आणि तो मला वाचवत होता, असाही एक संशय मी घेतला, आणि तो अजून गेलेला नाही.

नंतरचे पंधरा-वीस दिवस मी स्वतःशीच वाद घातला. आतेला खरं सांगायचं तर काय सांगणार? की ते वेगळं पान बहुतेक निनावी पितरांसाठी असायचं? पुष्कळ घरांत वाढतात तसं, ज्यांचं करणारं कोणी नाही त्यांच्या नावाने. माझा तसा अंदाज आहे. पण त्यालाही पुरावा नाही. मग आजी हिच्याकडे बघून डोळे का पुसायची? चुलीचा धूर? की शेजारीण म्हणायची तेच खरं? म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात जाऊन जुन्या मृत्यूच्या नोंदी काढता येतात. ते टेबल, ते शुल्क, तो अर्ज, सगळं मला माहीत आहे. मी गेले नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कागद बघायचा नव्हता.

पितृपक्षात आतेच्या खोलीवर म्हाळ होता. घरात पुरुषमाणूस तो एकच, म्हणून दरवर्षी चुलतभाऊ घालतो. मी सकाळीच पोचले. आते ओट्याशी स्टूल घेऊन बसली होती, वडे थापत. काळ्या वाटाण्यांचं सांबार उकळत होतं. बाजूला एका वाटीत वेगळी भाजी, बिनमिरचीची, आणि चार छोटे वडे, रुपयाएवढे.

"हे कोणाला?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर कळलं.

"पोर ता," आते म्हणाली. "तिखट कसा खातला?"

मी पाणी प्यायच्या निमित्ताने मोरीकडे गेले. गॉगल लावून फिरणारी बाई नाही मी, पण त्या क्षणी असता तर लावला असता. लाज वाटली. चारशे खऱ्या माणसांपैकी कोणासाठी मी कधी एक वडा थापला नव्हता, आणि ही बाई माझ्या खोटेपणासाठी सकाळपासून गुडघे दुखवत बसली होती.

पानं वाढली. आजोबा, आजी, वडील, काका. शेवटी छोटं पान. भटजींनी नाव विचारलं. चुलतभाऊ सांगायला लागला तशी आते म्हणाली, "थांब. जेना शोधल्यान, तिका सांगू दे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाव सांगितलं. भटजींनी ते म्हटलं, पाणी सोडलं आणि पुढे गेले. इतकं साधं होतं ते.

जेवणं झाल्यावर आते माझ्या जवळ सरकून बसली. माझा हात हातात घेतला. तिच्या बोटांना अजून वड्याच्या पिठाचा वास होता. "ती खरीच होती मां गो?" तिने विचारलं.

आतेला काहीतरी समजलंय का? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सवय आहे ना, माणूस खोटं बोलतंय का ते बघायची. पण खोटं बोलायची पाळी माझी होती.

"होय गो आते," मी म्हटलं.

"कशान गेली?"

वेबसाईटवर तो रकाना मी रिकामा सोडला होता. "तापान."

"त्रास झालो काय तिका?"

"नाय. निजेत गेली. आजीच्या कुशीत."

आतेने मान हलवली, दोनदा. मग माझा हात सोडून ती भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले. तिच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा मी कधी पाहिला नव्हता.

चुलतभाऊ दाराशी बसून ऐकत होता. त्याने खिशातून फोन काढला, आमचं ते झाड उघडलं, त्या नावावर बोट ठेवलं. "नोंदवून ठेवतो, ताई. परत राहून जाईल. मृत्यूचं कारण, ताप." टाइप केलं. मग थांबला. "इथे खाली विचारतंय, माहितीचा स्रोत."

त्याने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं, पण मला तसं नेहमीच वाटतं. त्याने मान खाली घातली आणि त्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.